चार चाकांमधली जागा

भरलेल्या ट्रॉलीपेक्षा रिकामी ट्रॉली लवकर कलंडते. दुकानात वावरताना आपण नेमकं उलटं धरून चालतो. तळाशी दहा किलो कणकेची पिशवी आणि तेलाचा डबा येऊन पडला की ट्रॉली जड लागते, वळताना अडते, आणि आता सांभाळायला हवं असं मनात येतं. खरं तर तेव्हा ती जमिनीला धरून असते. सांभाळायचं ते त्याच्या आधी, दाराशी रांगेतून ओढून घेतल्या घेतल्या. आणि अगदी शेवटी, पिशव्या गाडीच्या डिकीत रचून झाल्यावर. त्या दोन्ही वेळी तिच्याकडे स्वतःच्या वीसेक किलोंखेरीज वजन नसतं. पाच-सहा वर्षांचं मूल कडेला लोंबकळलं तर तेवढ्या वजनाने ते पेलवत नाही.

मी नोकरीभर तंत्रनिकेतनात ॲप्लाइड मेकॅनिक्स शिकवलं. गुरुत्वमध्यातून सोडलेली उभी रेघ टेकूंच्या मधल्या जागेत पडते तोवर वस्तू उभी राहते, रेघ त्या जागेबाहेर गेली की वस्तू पडते. हे फळ्यावर लिहिलं की मुलं वहीत उतरवून घेत आणि पुढच्या तासाला विसरलेली असत. मग मी त्यांना उसाच्या बैलगाडीचं विचारायचो. पंचगंगाकाठची पोरं ती. मागे मोळ्या जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, हे त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधीपासून माहीत. पुढे जास्त झाल्या तर सगळा भार बैलांच्या मानेवर. म्हणून गाडीवान आखाच्या पुढे-मागे मोळ्या सरकवतो, जू हाताने उचलून अंदाज घेतो आणि मगच दोर आवळतो. एवढं बोलणं झालं की वर्गातल्या कुणालाही गुरुत्वमध्य पुन्हा समजावून सांगावा लागत नसे.

दुकानातली ट्रॉली ढकलणाऱ्या बाईला त्या गाडीवानाची मुभा नाही. तिच्या ओझ्यातलं सगळ्यात जपण्यासारखं ओझं, म्हणजे तिचं मूल, कुठे ठेवायचं हे आधीच ठरलेलं असतं: सगळ्यात उंच, सगळ्यात मागे, हँडलला लागून. ती जागा कुणी आणि कशासाठी ठरवली हा प्रश्न मला फार उशिरा पडला. पडला त्याला कारण ओहायोतलं एक पार्किंग.

माझी मुलगी कोलंबसला असते. तिथल्या दुकानांच्या पार्किंगला पाणी वाहून जावं म्हणून हलका उतार दिलेला असतो, चालताना तो पायाला जाणवतही नाही. मुलगी डिकीत पिशव्या लावत होती. नात, अडीच वर्षांची, बैठकीत पट्टा बांधून बसलेली. नातू तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. तो ट्रॉलीच्या कडेला तळच्या दांडीवर पाय रोवून उभा होता, वरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून अंग मागे टाकत होता आणि बहिणीला लांबवरचं काहीतरी दाखवत होता. तीही बघायला त्याच्या बाजूला वाकली. मी पलीकडच्या अंगाला होतो. माझ्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली मला उजेड दिसला. चाकं डांबरापासून बोटभर वर उचलली गेली होती आणि अजून उचलली जात होती. मी दोन्ही हातांनी कठडा खाली दाबला, चाकं टेकली. आवाज झाला तेवढाच. मुलांना काही कळलंही नाही.

ट्रॉल्या गोळा करणारा एक तरुण धावत आला होता. त्याने सौजन्यानेच सांगितलं की मुलांकडे लक्ष ठेवा. मुलीने मान डोलावली. घरी जाताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बाबा, चूक माझीच. मी पाठ करून उभी होते.”

मी म्हटलं, “अगं, पाठ केल्याशिवाय डिकीत पिशव्या ठेवता येतात का?”

तिला ते पटलं नाही. आईला असं काही लगेच पटत नाही. पण मला तेव्हापासून ही गोष्ट सोडवत नाही. पाच वर्षांचं मूल चढण्याजोग्या प्रत्येक गोष्टीवर चढतं, अडीच वर्षांचं मूल भावाकडे वाकतं, आणि आई सामान ठेवायला वळते. यातली एकही गोष्ट अवचित घडलेली नाही. दर शनिवारी त्या पार्किंगमध्ये शेकडो वेळा घडते. जी वस्तू याच लोकांसाठी, याच कामासाठी बनवली, तिने हे सगळं गृहीत धरायला हवं होतं. कागदावर आकृती काढणाऱ्याचं ते काम होतं, माझ्या मुलीचं नव्हे.

ट्रॉलीचा जन्म ओक्लाहोमा सिटीतला. तिथे सिल्व्हन गोल्डमन यांची हम्प्टी डम्प्टी नावाची किराणा दुकानं होती. गिऱ्हाइकाच्या हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबते, हे ते रोज बघत. एका रात्री कार्यालयातल्या घडीच्या खुर्चीकडे बघताना त्यांना सुचलं: बैठकीच्या जागी टोपली, खाली आणखी एक टोपली, पायांना चाकं. फ्रेड यंग या कारागिराला हाताशी धरून त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं आणि ४ जून १९३७ रोजी दुकानात ठेवलं. लोकांनी हात लावला नाही. पुरुषांना ते बायकी वाटलं. बायका म्हणाल्या, बाबागाड्या ढकलून ढकलून आम्ही आधीच दमलोय. गोल्डमननी शेवटी पगार देऊन माणसं नेमली, दुकानात ट्रॉली घेऊन नुसती फिरायला. त्यांना बघून बाकीचे फिरू लागले. बायकांच्या त्या नकाराशी मी नेहमी थबकतो. या वस्तूत आज ना उद्या मूल येऊन बसणार, हे त्यांच्या बोलण्यात तेव्हाच नव्हतं का?

ती पहिली ट्रॉली घडी होणारी होती. टोपल्या काढायच्या, सांगाडा मिटायचा, पुन्हा उघडायचा. दुकानातल्या नोकरांना ते नकोसं काम. १९४६ मध्ये कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांनी तिची मागची बाजू बिजागरीवर बसवली. मागून दुसरी ट्रॉली ढकलली की ती बाजू वर उचलली जाते आणि एकीच्या पोटात दुसरी शिरते. आज दाराशी दिसणारी ट्रॉल्यांची लांबच लांब रांग ही वॉटसन यांची देणगी. दुकानदाराची केवढी तरी जागा वाचली, आणि जागा म्हणजे पैसा.

मात्र एकीत दुसरी शिरायची तर पुढचं अंग मागच्यापेक्षा अरुंद हवं. पुढची दोन चाकं मागच्या दोन चाकांच्या मधून जायला हवीत. म्हणजे टेकूंच्या मधली जागा आयताची राहिली नाही, पुढे निमुळती झाली. ज्या रेघेवर ट्रॉली बाजूला कलंडते ती रेघ पुढे जाता जाता आत वळली. आणि बैठक? मूल बसवायला मिटणारी फळी हवी, नाहीतर रांगेत ती आड येणार. मिटणारा, झुलणारा भाग ट्रॉलीत एकच, ती मागची झडप. बैठक तिथे बसली. आईचं तोंड समोर, मूल हाताच्या टप्प्यात, हे गुण त्या जागेला आहेत आणि ते थोडके नाहीत. पण त्यामुळे मुलाचं डोकं मोठ्या माणसाच्या छातीशी येतं, खाली फरशी किंवा डांबर.

चाकांची गोष्ट तर कुणी सांगितल्याखेरीज लक्षातच येत नाही. पुढची चाकं गरकन फिरणारी असतात. अशा चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू त्याच्या खिळीच्या बरोबर खाली नसतो, तीन-चार सेंटिमीटर मागे असतो. म्हणून तर ते आपण नेऊ तिकडे आपोआप वळतं. ट्रॉलीचं तोंड झटक्याने डावीकडे वळवलं की पुढच्या दोन्ही चाकांचे टेकणारे बिंदू उजवीकडे घसटतात. डावी बाजू तेवढीच आत येते. आता त्याच क्षणी डावं चाक फरशीच्या फटीत किंवा खड्यावर अडलं, तर ट्रॉलीचा सगळा वेग तिला डावीकडेच लोटणार, जिकडचा पाया नुकताच आखडला आहे. ज्या बाजूला धोका, त्याच बाजूचा टेकू कमी. चार चाकं आहेत म्हणजे चार ठाम पाय आहेत असं आपण समजतो. त्यातले दोन पाय सतत जागा बदलत असतात. कलंडण्याची चाचणी घ्यायची ती चाकं सगळ्यात वाईट बाजूला वळवून घ्यायला हवी. चाकं सरळ ठेवून घेतलेली चाचणी खोटा दिलासा देणारी.

दुसऱ्या खेपेला मी खिशात टेप घेऊन दुकानात गेलो. मागच्या चाकांत चोपन्न सेंटिमीटर अंतर भरलं, पुढच्यांत छत्तीस. मधोमध सरासरी पंचेचाळीस. यादीच्या कागदामागे मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर, मांडले. ट्रॉली वीस किलोंची, तिचं वजन कडेच्या रेघेपासून साडेबावीस सेंटिमीटर आत: वीस गुणिले साडेबावीस, साडेचारशे. नातू अठरा किलोंचा. हात ताणून मागे झुकला की त्याचं वजन रेघेच्या सव्वीस सेंटिमीटर बाहेर जातं: चारशे अडुसष्ट. रिकामी ट्रॉली गेली. आता नातीला बैठकीत धरा. सपाट जमिनीवर ती ताठ बसली असती तर तिच्या बारा किलोंनी उलट ट्रॉली सावरली असती, गणित तसंच सांगतं. पण जमीन भावाच्या बाजूला उतरती होती आणि नात त्याच्याकडे वाकली होती. मीटरभर उंचीवरच्या वजनाची उभी रेघ दर अंशाच्या कलाला पावणेदोन सेंटिमीटर सरकते. तीन अंशांचा उतार, जो पायाला कळतही नाही, त्याने पाच सेंटिमीटर खाल्ले. तिच्या वाकण्याने आणखी दहा. सावरणारं वजन जवळजवळ निकामी झालं आणि नातवाचं वजन उतारामुळे आणखी बाहेर गेलं. तेवढ्यावरच चाकं उचलली.

आणि मग मी तोच हिशेब चाकांमधलं अंतर दहा सेंटिमीटर वाढवून केला. ट्रॉलीचं वजन रेघेपासून साडेसत्तावीस सेंटिमीटर आत: साडेपाचशे. मूल मात्र आता रेघेच्या बाहेर सव्वीस नाही, एकवीसच: तीनशे अठ्ठ्याहत्तर. एका बाजूचं वाढलं आणि दुसऱ्या बाजूचं त्याच फटक्यात घटलं. इतकी वर्षं शिकवूनही या दुहेरी लाभाचा आनंद मला त्या दुकानात, डाळींच्या फळीपुढे उभं असताना झाला.

कोलंबसमध्येच मुलांचं मोठं इस्पितळ आहे, नेशनवाइड चिल्ड्रन्स. तिथले डॉ. गॅरी स्मिथ आणि त्यांचे सहकारी ट्रॉलीच्या अपघातांचा कित्येक वर्षं अभ्यास करत आले आहेत. १९९० ते २०११ या काळात अमेरिकेतल्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत ट्रॉलीमुळे जखमी झालेली पाच लाख तीस हजारांहून जास्त मुलं आली, असं त्यांनी २०१४ मध्ये मांडलं. दिवसाला सहासष्ट. बहुतेकांची दुखापत डोक्याला. सुमारे सत्तर टक्के मुलं ट्रॉलीतून पडलेली. ट्रॉलीसकट कलंडलेली त्याहून कमी. त्यांचा विचार मला वेगळा करावासा वाटतो, कारण पडणाऱ्या मुलाला पट्टा वाचवू शकतो. कलंडणाऱ्या ट्रॉलीत पट्टा बांधलेलं मूल ट्रॉलीबरोबर खाली येतं. त्या वयात डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, हात पुढे करायचं भान नसतं.

अमेरिकेत २००४ मध्ये ट्रॉलीसाठी एक मानक आलं, तेही ऐच्छिक. त्याचा भर पट्ट्यावर आणि सूचनेच्या चिठ्ठीवर. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २००६ मध्ये स्पष्ट लिहिलं की ते पुरेसं नाही, ट्रॉली कलंडू नये यासाठी तिच्या स्थैर्याचे ठोस निकष हवेत. युरोपच्या १९९८ च्या आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या १९९९ च्या मानकात स्थैर्याचा विचार तोवर आलेला होता. २०१४ च्या त्या अभ्यासात २००४ नंतर जखमी मुलांची संख्या घटल्याचं दिसलं नाही, मेंदूला धक्का बसण्यासारख्या डोक्याच्या बंद दुखापती तर वाढतच गेल्या. चिठ्ठीने काम होत असतं तर झालं असतं. बालरोगतज्ज्ञांचं हे म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. रोज रात्री घाबरलेल्या आया त्यांच्यासमोर येऊन ‘चूक माझीच’ म्हणत असणार. त्यांनी त्या आयांना आणखी एक उपदेश न देता ट्रॉली बनवणाऱ्यांकडे बोट केलं.

वेगळी ट्रॉली सुचत नाही असं नाही. १९९९ मध्ये पालो आल्टोच्या आयडिओ या संस्थेने टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर पाच दिवसांत नवी ट्रॉली घडवली. खोल जाळी काढून उचलून नेता येतील अशा सुट्या टोपल्या, मागची चाकंही बाजूला वळणारी, मुलासाठी आडवी दांडी असलेली बैठक. कौतुक खूप झालं, दुकानांत ती रुळली नाही. पुढे मोटारीच्या आकाराचा डबा जोडलेल्या ट्रॉल्या आल्या. मूल जवळजवळ जमिनीलगत बसतं, वजन खाली जातं, चढायचा मोह जातो. लांबीमुळे वळवणं मात्र जिकिरीचं. आणि अलाबामातल्या ड्रू ॲन लाँग यांची कॅरोलाइन्स कार्ट. त्यांची लेक अपंग. ती नेहमीच्या बैठकीत मावेनाशी झाली, तेव्हा चाकाची खुर्ची आणि ट्रॉली एकाच वेळी कशी ढकलणार या अडचणीतून त्यांनी स्वतःच ट्रॉली आखली: मोठी बैठक, तोंड ढकलणाऱ्याकडे, मूल आत बसवता यावं म्हणून उघडणारं हँडल. २०१६ मध्ये टार्गेटने ती आपल्या बहुतेक दुकानांत ठेवायला घेतली. त्या ट्रॉलीकडे बघताना कळतं की आकृती काढणाऱ्या हातांना मुलाचं वजन ठाऊक होतं.

आपल्याकडे ही वस्तू उशिरा आली. पवईला पहिलं डी-मार्ट २००२ मध्ये उघडलं. आता तालुक्याच्या गावीही ट्रॉली दिसते. पट्टा क्वचित असतो. बैठक असते, पण मूल बहुधा जाळीतच उभं असतं, आणि उभ्या मुलाचं वजन बसलेल्यापेक्षा आणखी वर. बाहेर पडलं की फरसबंदी उंचसखल, तळघरातल्या पार्किंगचा उतार तीन अंशांहून कितीतरी जास्त. अमेरिकेतली ट्रॉली आपण जशीच्या तशी घेतली, तिथली एकसारखी जमीन आपल्याकडे नाही.

परत आल्यावर मी शिरोलीच्या एमआयडीसीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो रॅक बनवतो, ट्रॉल्याही. मी विचारलं, कलंडण्याची चाचणी घेतोस का? त्याने ड्रॉइंग पुढ्यात पसरलं. “सर, लोड दिलाय, वेल्डिंग दिलंय, पावडर कोटिंगची जाडी दिलीय. उलटायचं कुठंच न्हाई.” मग हसून म्हणाला, “पण बघू की करून.”

त्याने अठरा किलो वाळू पोत्यात भरून तोलली. कठड्याला एक पट्टी बांधून पोतं चाकांच्या रेघेबाहेर टांगलं, पुढची चाकं पायाने आत वळवली आणि हात सोडला. ट्रॉली क्षणभर थांबली आणि फरशीवर आडवी झाली. शेडमधली ग्राइंडर बंद पडली, सगळे बघायला आले. एका पोऱ्याने न सांगता चाकं सरळ केली आणि पोतं पुन्हा टांगलं. या वेळी ती डगमगली, पण उभी राहिली. त्याच्या तोंडावरचं आश्चर्य बघून मला वर्गात असल्यासारखं वाटलं.

त्यानंतर ती दुपार मोजमापातच गेली. मागची चाकं रुंद केली तर बिलाच्या काउंटरमधल्या गल्लीतून ट्रॉली जाईना. पुढची केली तर एकीत दुसरी शिरेना. चाकावर चाक आदळून रांग तिथेच अडायची. “मग वजनच खाली न्यायचं का, सर?” त्याने तळच्या चौकटीला जाड पाइप घातला, पोरांना पाय ठेवायला होणारी कडेची दांडी काढून आतल्या बाजूला घेतली, आणि झडपेवरच्या बैठकीची बिजागरी एक वीत खाली उतरवली. पोतं टांगलं. उभी राहिली.

एवढ्यात त्याची बायको धाकट्याला कडेवर घेऊन डबा द्यायला आली. तिने काही न विचारता मुलाला त्या बैठकीत बसवलं, उचलून काढलं, पुन्हा बसवलं. “एवढं खाली वाकून ह्याला उचलायचं म्हटल्यावर कमरेचं काय?” ती म्हणाली. “कोण बसवणार न्हाई ह्यात. तशीच जाळीत उभी करतील पोरं.” तिने मुलाला काखेत घेतलं आणि मोकळ्या हाताने बिजागरीच्या वर चार बोटं मोजून दाखवली. विद्यार्थ्याने तिथे खडूने रेघ ओढली आणि वेल्डरला हाक मारली.